साने गुरुजींची शाळा

महाराष्ट्रात ‘गुरुजी’ ही पदवी शाळेतील शिक्षकास सहज मिळते आणि शाळा सुटली, की बहुधा ती शाळेच्या उंबरठ्याशीच थांबते. एका शिक्षकाच्या बाबतीत मात्र निराळेच घडले. त्याने शिक्षकाची नोकरी केली ती अवघी सहा वर्षे. तिशीत त्याने राजीनामा दिला आणि पुन्हा कोणत्याही शाळेच्या पगारपत्रकावर त्याचे नाव चढले नाही. तरीही ‘गुरुजी’ हा शब्द त्याच्या नावास असा जडला, की पुढे लेखक, संपादक, सत्याग्रही, कैदी अशी त्याची अनेक रूपे लोकांनी पाहिली, परंतु संबोधन बदलले नाही. पांडुरंग सदाशिव साने हे त्यांचे नाव. महाराष्ट्रातील मुलांच्या कित्येक पिढ्या त्यांच्या पुस्तकांवर वाढल्या. सहा वर्षांची नोकरी आणि जन्मभराची पदवी यांचा मेळ कसा बसला, हे पाहू गेले असता त्यांच्या जीवनाचे मर्म हाती लागते.

२४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, पालगड या गावी त्यांचा जन्म झाला. घराणे खोतांचे. आजोबांच्या काळी घरात सुबत्ता होती. परंतु वडिलांच्या वेळी भाऊबंदकी, कर्ज आणि कोर्टकचेऱ्या यांनी ती पार ओसरली. ज्या मुलाने वैभव कानांनी ऐकावे आणि दारिद्र्य डोळ्यांनी पाहावे, त्याच्या मनात एक प्रकारचा हळवेपणा घर करून राहतो. तसे या मुलाचे झाले. त्या पडत्या काळात घर तोलून धरले ते आई यशोदाबाई यांनी. त्यांचे जग चूल, तुळस, गोठा आणि मुले एवढ्यात सामावलेले होते. परंतु चांगले कोणते आणि वाईट कोणते, याविषयी त्यांच्या मनात कधी घोटाळा नव्हता, आणि ते मुलांस पटवून देण्यास त्यांना पोथीची गरज भासत नसे. ताटात काय पडले आहे, अंगणात कोण उभे आहे, एवढ्यावरून त्यांचा धडा सुरू होई.

पालगडची शाळा संपल्यावर पांडुरंग दापोलीच्या मिशन हायस्कुलात गेला. घरून पैसा येणे कठीण झाले, तेव्हा विद्यार्थ्यांची जेवणाखाण्याची सोय होते असे ऐकून तो दूर औंध संस्थानात गेला. तेथे हाताने स्वयंपाक करावा, कधी अर्धपोटी राहावे आणि अभ्यास करावा, असा क्रम चालला असता प्लेगाने तेथूनही उठविले. मग पुण्यास नूतन मराठी विद्यालयात त्याने आश्रय घेतला. पुण्यास असतानाच, १९१७ साली, आई गेली. अखेरच्या घटकेस मुलगा जवळ नव्हता. ज्या माऊलीने सर्व शिकविले तिचा निरोपसुद्धा आपणास घेता आला नाही, हे शल्य त्या अठराव्या वर्षी उरात शिरले ते कायमचे. पुढील सोळा वर्षे ते आतल्या आत वाढत होते. त्याचे काय झाले ते पुढे येईलच.

१९१८ साली मॅट्रिक झाल्यावर न्यू पूना कॉलेजात शिकून त्यांनी एम. ए. ची पदवी घेतली. त्या काळच्या पदवीधरास सरकारी नोकरीचा राजमार्ग मोकळा असे. साने यांनी तो सोडून पूर्व खानदेशातील अमळनेरची वाट धरली. बोरी नदीच्या काठी वसलेल्या त्या गिरणीच्या गावी प्रताप शेठ यांच्या औदार्याने १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले होते. तेथे वेदान्ताच्या अभ्यासासाठी देशोदेशीचे जिज्ञासू येत. साने तेथे तत्त्वज्ञान शिकावयास गेले खरे. परंतु ब्रह्माच्या चर्चेत त्यांचे मन रमेना. जवळच्याच हायस्कुलातील मुलांकडे ते ओढले गेले आणि १९२४ साली तेथे शिक्षक झाले. लवकरच छात्रालयाची व्यवस्थाही त्यांच्याकडे आली.

छात्रालयाचा चालक म्हटला, की हातात छडी, कमरेस किल्ल्या आणि तोंडी नियम अशी मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. अमळनेरच्या मुलांना निराळाच अनुभव आला. खेड्यापाड्यांतून आलेली ती मुले. कोणास घराची आठवण येई, कोणास आंघोळीचा कंटाळा, कोणाची खोली म्हणजे उकिरडा. नव्या शिक्षकाने कोणास रागे भरले नाही. मुले शाळेत गेली, की ते खोलीत शिरत, केर काढीत, अंथरुणे गुंडाळीत, पसरलेले कपडे घड्या घालून ठेवीत. मुले परत येऊन पाहतात तो खोली आरशासारखी! हे कोणी केले, हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी पसारा तसाच टाकून बाहेर पडण्याची लाज कोणास न वाटेल? मूल आजारी पडले, की त्याच्या उशाशी रात्र काढणारेही तेच. शिक्षा न करता शिस्त लागते, हा शिक्षणशास्त्राचा सिद्धान्त ग्रंथांतून पुष्कळांनी वाचलेला असतो. साने यांनी तो केरसुणीने सिद्ध केला. आणि ही रीत त्यांनी कोणत्या ट्रेनिंग कॉलेजात उचलली नव्हती. ती पालगडच्या घरातून आलेली होती.

याच छात्रालयात त्यांच्यातील लेखकाचा जन्म झाला, आणि तो कसा झाला हे लक्षात घेण्याजोगे आहे. ‘छात्रालय’ नावाचे एक हस्तलिखित दैनिक त्यांनी सुरू केले. ते स्वतःच लिहावयाचे, आणि मुलांनी ते वाचावयाचे. त्यात थोरांची चरित्रे असत, देशोदेशीच्या वार्ता असत, छात्रालयातील बारीकसारीक घडामोडींवर गोड कानपिचक्या असत. त्याची प्रत एकच आणि वाचकवर्ग तेवढ्या चार भिंतींतला. त्यावर मानधन नाही, कीर्ती नाही, समीक्षा नाही. पुष्कळ लेखक आधी लिहितात आणि मग वाचक शोधतात. येथे वाचक आधी समोर बसलेला होता. त्याचे नाव, त्याचे गाव, त्याच्या घरची ओढाताण लेखकास ठाऊक होती. काल ज्या मुलाचे डोळे रडून लाल झाले होते त्याच्यासाठी आजचा मजकूर लिहिला जाई. पुढे १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ हे छापील मासिक त्यांनी काढले, तेव्हा वाचकांची संख्या वाढली; परंतु लेखणीची सवय तीच राहिली. साने यांनी उभ्या जन्मात जे जे लिहिले ते कोणा एका मुलास उद्देशून लिहिल्यासारखे वाटते, त्याचे कारण येथे आहे.

अशा रीतीने शिक्षक आणि मुले एकमेकांत रमली असता १९३० साल उजाडले. महात्माजी दांडीस निघाले आणि देशभर मिठाचा सत्याग्रह पेटला. अमळनेरच्या वर्गात देशभक्तांची चरित्रे सांगणाऱ्या शिक्षकापुढे तेव्हा मोठा कठीण प्रश्न उभा राहिला. एका बाजूस आपल्यावर विसंबून असलेली मुले, दुसऱ्या बाजूस ज्याचे पाठ आपणच दिले तो देश. मुलांना सोडावे तर पान्हा चोरल्यासारखे होते; न सोडावे तर आजवर शिकविलेला प्रत्येक शब्द खोटा ठरतो. त्यांनी राजीनामा दिला. छात्रालयाचा निरोप घेणे त्यांस किती जड गेले असेल, हे ज्यांनी त्यांचे नंतरचे लेखन वाचले आहे त्यांस सांगावयास नको. त्यांच्या पुस्तकांत पुनःपुन्हा कोणी तरी कोणाचा तरी निरोप घेत असते.

यानंतर तुरुंगाचे पर्व सुरू झाले. प्रथम धुळ्याचा तुरुंग, मग दूर दक्षिणेस त्रिचनापल्लीचा. त्रिचनापल्लीस निरनिराळ्या प्रांतांतले, निरनिराळ्या भाषा बोलणारे सत्याग्रही एकत्र होते. आपल्या शेजारी झोपणाऱ्या देशबांधवाची भाषा आपणास येत नाही, याची त्यांस खंत वाटली. तमीळ भाषेतील ‘कुरल’ या थोर काव्याचे मराठी भाषांतर त्यांनी केले, त्याचे मूळ या सहवासात आहे. १९३२ मध्ये पुन्हा धुळ्यास असताना विनोबांचा सहवास लाभला. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने केली आणि ती साने यांनी जागच्या जागी उतरून घेतली. आज ‘गीता प्रवचने’ म्हणून जो ग्रंथ घरोघर वाचला जातो, तो या लेखणीच्या चपळाईमुळे उरला. वक्त्याचा शब्द ऐकत ऐकत, त्याचा ओघ न मोडता कागदावर आणावयाचा, ही त्या हातास घडलेली मोठी तालीम होती.

त्यानंतर नाशिकचा तुरुंग आला, आणि तेथे ते सोळा वर्षांचे शल्य उफाळून वर आले. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी लिहावयास आरंभ केला आणि १३ तारखेस लेखणी खाली ठेवली. पाच दिवसांत ‘श्यामची आई’ या पुस्तकाचा बहुतेक भाग उतरला. १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. बेचाळीस ‘रात्रीं’चे ते पुस्तक आहे. एका आश्रमात सायंप्रार्थना झाल्यावर मित्र भोवती जमतात आणि श्याम त्यांस आपल्या आईची आठवण सांगतो. रोज एक रात्र, रोज एक आठवण.

ही मांडणी कोठून आली? दिवसाचा अभ्यास संपला आहे, दिवा मध्ये आहे, मुले सभोवती दाटून बसली आहेत आणि शिक्षक गोष्ट सांगत आहेत, असे ते अमळनेरच्या छात्रालयातील दृश्यच नव्हे काय? तुरुंगाच्या भिंतीआड ज्याला मुले उरली नव्हती, त्याने कागदावर आपले छात्रालय पुन्हा भरविले. जी शाळा देशासाठी सोडावी लागली ती त्याने अशी परत मिळविली, आणि ज्या आईचा निरोप घेता आला नाही तिचा निरोप बेचाळीस रात्री बसून घेतला.

या पुस्तकातील प्रसंग किती साधे आहेत! आंघोळ झालेल्या लहान श्यामला ओल्या तळव्यांस माती लागू द्यावयाची नाही. आई आपले लुगडे धोंड्यावर पसरून त्यावर त्याला पाय ठेवू देते आणि जाता जाता सांगते, की पायांना जपतोस तसे मनालाही जप. पाण्यास भिऊन लपून बसलेल्या याच श्यामला ती काठी घेऊन पोहावयास हाकलते, आणि मागाहून तिचाच जीव कळवळतो. आई आजारी असता वडाच्या प्रदक्षिणा तिच्याऐवजी श्यामने घालाव्यात, असे ठरते. बायकांच्या घोळक्यात जावयाचे म्हणून तो लाजतो. देवाच्या कामात कसली लाज, असे आई म्हणते आणि तो जातो.

आणखी एक प्रसंग विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. अस्पृश्य मानलेल्या समाजातील एका म्हातारीच्या डोक्यावरील लाकडांची मोळी खाली पडते. तिला ती एकटीने उचलवत नाही आणि वाटेने जाणारे कोणी हात लावीत नाहीत. आई श्यामला सांगते, जा, तिच्या डोक्यावर मोळी चढवून दे. मग घरी येऊन आंघोळ कर. या एका वाक्यात त्या बाईचा सारा काळ आणि सारा मोठेपणा सामावला आहे. आंघोळ सांगते ती रूढी. मोळी उचलावयास सांगते ते अंतःकरण. रूढी मोडण्याचे बळ तिच्यात नव्हते, परंतु रूढीने आपली वाट अडवावी, हेही तिने चालू दिले नाही.

या पुस्तकावर आणि एकंदर साने यांच्या लेखनावर रडवेपणाचा आक्षेप पुष्कळदा घेण्यात आला. त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. त्यांच्या पानापानांवर डोळे भरून येतात, वाक्ये पुनःपुन्हा तेच आळवितात, आणि कलेच्या दृष्टीने जेथे थांबावे तेथे ते थांबत नाहीत. परंतु हे अश्रू पाहताना एक गोष्ट विसरली जाते. आईचे डोळे ओलावतात तेव्हा तिचे हात थांबलेले नसतात. श्याम रडतो आणि रडून झाल्यावर काही तरी करावयास उठतो. भांडी घासतो, मोळी उचलतो, प्रदक्षिणा घालतो. जो करुणरस वाचकास नुसता हुंदका देऊन सोडतो तो वेगळा, आणि जो त्यास उठवून कामास लावतो तो वेगळा. दुसऱ्या प्रकारचा करुणरस शिक्षकाचा असतो. मुलाला वाईट वाटले, एवढ्याने शिक्षकाचे काम संपत नाही. उद्या ते मूल वेगळे वागेल की नाही, इकडे त्याचे लक्ष असते.

‘श्यामची आई’ नंतर त्यांच्या लेखणीस खळ नव्हता. ‘श्याम’ आला, छात्रालयातील अनुभवांतून उतरलेली ‘धडपडणारी मुले’ आली. ‘गोड गोष्टी’ या मालेतून परदेशीय वाङ्मयातील कथा त्यांनी मराठी मुलांस अशा सांगितल्या, की त्या परक्या वाटू नयेत. जॉर्ज एलियटच्या कादंबरीतील एकलकोंडा विणकर सायलस मार्नर त्यांच्या पुस्तकात ‘मनूबाबा’ होऊन येतो आणि मराठी घरातील आजोबांसारखा मुलांशी बोलू लागतो. बायकांच्या तोंडच्या ओव्या त्यांनी गोळा करून ‘स्त्री जीवन’ या नावाने प्रसिद्ध केल्या. जात्यावरच्या त्या गाण्यांत त्यांना आपल्या आईचाच आवाज ऐकू आला असावा. ‘भारतीय संस्कृती’ सारखा विचारप्रधान ग्रंथही असा, की थोरला भाऊ धाकट्याशी बोलत बसला आहे.

परंतु शिक्षकाची खरी परीक्षा त्याच्या शब्दांत होत नाही. साने गुरुजींची ती परीक्षा पंढरपुरी झाली. विठोबाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांस बंद होते. ज्या विठ्ठलापाशी चोखामेळ्याने आळवणी केली, त्याच्या दारी चोखोबाचे वारस शेकडो वर्षांनंतरही पायरीखालीच उभे होते. गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा काढून लोकमत जागे केले आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणान्तिक उपोषण आरंभिले. मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर १० मे रोजी ते सुटले. देश स्वतंत्र होण्यास तेव्हा थोडेच महिने उरले होते. लाकडाची मोळी उचलून दिल्यावर ज्या मुलास घरी जाऊन आंघोळ करावी लागली होती, त्या मुलाने आता त्या आंघोळीचे कारणच नाहीसे व्हावे म्हणून प्राण पणास लावले. आईने अर्ध्यावर सोडलेला धडा मुलाने पुरा केला. हे उपोषण म्हणजे ‘श्यामची आई’ या पुस्तकातील न लिहिलेली रात्र होय, असे म्हटले तरी चालेल.

स्वातंत्र्य आले, परंतु त्यापाठोपाठ फाळणीचा रक्तपात आणि ३० जानेवारी १९४८ चा तो घोर दिवस आला. महात्माजींच्या वधाने गुरुजी मुळापासून हादरले. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. पुतणीस उद्देशून लिहिलेली त्यांची पत्रे त्यात येत. तीच पुढे ‘सुंदर पत्रे’ म्हणून प्रसिद्ध झाली. त्यांत फुलेपाखरे आहेत, तारे आहेत, घरातील ख्यालीखुशाली आहे आणि मध्येच जगातील दुःखाची वार्ता आहे. एकाच मुलीस लिहावयाचे आणि सर्व मुलांनी वाचावयाचे! अमळनेरच्या त्या हस्तलिखित दैनिकाकडे लेखणी जणू परत आली होती. १९४९ च्या पुणे येथील साहित्य संमेलनात त्यांनी ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली. प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांचे साहित्य वाचावे, त्यासाठी रवींद्रनाथांच्या विश्वभारतीसारखी एक संस्था असावी, अशी त्यांची आकांक्षा होती. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात लागलेली खंत अशी फुलावयास निघाली होती. पुन्हा एकदा शाळाच!

ती शाळा उभी राहिली नाही. ११ जून १९५० रोजी, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, गुरुजींनी आपल्या हाताने जीवनयात्रा संपविली. सहस्रावधी मुलांचे डोळे पुसणाऱ्या हातास स्वतःचे डोळे पुसता आले नाहीत, ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांस आजही बोचते. तिचे समर्थन करू नये, आणि तिच्यावर न्यायाधीश होऊनही बसू नये. ज्यास दुसऱ्याचे दुःख त्वचेस चटका बसावा तसे लागते, त्यास सांभाळणारेही कोणी तरी जवळ लागते, आणि ते कर्तव्य समाजाचे असते, एवढा बोध त्यातून घेतला तरी पुरे. मुलांना हळवे व्हावयास शिकविणाऱ्या घराने त्यांस दुःख बोलून दाखविण्यासही शिकविले पाहिजे.

त्यांच्या पश्चात आचार्य अत्रे यांनी ‘श्यामची आई’ हा चित्रपट काढला. १९५३ साली तो पडद्यावर आला आणि राष्ट्रीय चित्रपट पारितोषिकांच्या पहिल्याच वर्षी, १९५४ मध्ये, राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. मुलांना गोष्टी सांगण्याचे त्यांचे व्रत ‘कथामाला’ या नावाने प्रकाशभाई मोहाडीकर यांनी पुढे चालविले. पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. ज्या घरांत विहीर नाही, वड नाही, मोळीवाली म्हातारी नाही, अशा शहरांतील घरांतही ते पुस्तक वाचले जाते.

तरी त्यांचे खरे स्मारक याहून साधे आहे. संध्याकाळी दिवे लागल्यावर घरातील एखादे वडील माणूस हातातील काम बाजूस ठेवून मुलांस जवळ घेते आणि आपल्या लहानपणची एक आठवण सांगू लागते. मूल ऐकते, क्षणभर गप्प होते आणि उठून पसरलेली पुस्तके नीट लावते. ज्या घरी असे घडते त्या घरी, हजेरीपट नसलेली आणि घंटा न वाजणारी गुरुजींची शाळा त्या संध्याकाळी भरलेली असते.